गौरीचा डबा

आमच्या घरातला व्हॅक्यूम क्लीनर केर काढत नाही. बायकोच्या मावशीनं तो लग्नात दिला तेव्हा केर काढायलाच दिला होता. पण पहिल्याच वर्षी मी त्याची नळी प्लायच्या एका खोक्याला जोडली आणि तेव्हापासून तो माझ्याकडं कामाला आहे. केर बायको झाडूनं काढते. झाडताना खोक्याभोवतीची जागा मुद्दाम सोडते, म्हणजे तो पसारा कुणाचा हे आल्यागेल्याला कळावं.

खोक्याचं काम सोपं आहे. वरच्या फळीला बारीक भोकं पाडलेली आहेत. त्या फळीवर मॉडेल ठेवायचं, लाकडाचं, प्लास्टरचं, काय असेल ते. दोन चौकटींच्या मध्ये प्लास्टिकची शीट चिमट्यांनी पकडायची आणि गॅसच्या शेगडीवर उंच धरायची. शीट आधी आखडते, मग सैल पडते. मधोमध झोळ आला की चौकट झटकन मॉडेलवर दाबायची आणि पायानं क्लीनरचं बटण दाबायचं. खालची हवा ओढली गेली की शीट मॉडेलला अंगाबरोबर चिकटते. एवढंच. तेवढ्या वेळात घरात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, असा नियम आहे. नियम मी केलेला आहे आणि पाळतोही मी एकटाच.

आजवर मी साबणाची डबी, स्कूटरच्या मीटरवरचं झाकण, रिमोटचं कव्हर, कढीपत्त्याच्या कुंडीखालचं ताट अशा पुष्कळ वस्तू केल्या. बायकोचं म्हणणं, यातली प्रत्येक वस्तू बाजारात मिळते. ते खरं आहे. हे सगळं कशाला, असं मला मराठीत, कानडीत आणि हिंदीतही विचारून झालेलं आहे. तिन्ही भाषा मला येतात, उत्तर एकीतही येत नाही.

पोटापाण्यासाठी मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये आहे. पंपाचा जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना आम्ही करतो, तो वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात लोखंड ओततात. म्हणजे दिवसभर मी लोकांच्या पंपांसाठी लाकूड तासतो आणि संध्याकाळी शेजारच्या मच्छे गावात घरी येऊन स्वतःसाठी तासतो. आमच्या शॉपमधले काही जण संध्याकाळी पितात. त्यांच्या बायका माझ्या बायकोला नशीबवान म्हणतात. ती त्यांना खोकं दाखवते.

आई गेल्या वर्षापासून आमच्याकडं आहे. तिचं खुब्याचं हाड मोडलं, बेळगावात ऑपरेशन झालं आणि डॉक्टर जवळ हवा म्हणून ती इथंच राहिली. आमचं गाव निपाणीच्या पलीकडं. तिथं अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रान बघतो. वहिनी घर बघते आणि अण्णालाही बघते.

श्रावण सरत आला तसं आईनं एक विचारायला सुरुवात केली. गौरी कधी येणार? कॅलेंडर तिच्या उशाशीच टांगलेलं होतं आणि ते छापणाऱ्याला कळत नसेल एवढं तिला त्यातलं कळतं. तरी रोज सकाळी चहा घेताना विचारायची. मी सांगायचो. ती "हं" म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आमची गौर गावच्या घरात असते. पितळेचा मुखवटा आहे, ओतीव, चांगला वजनदार. आई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून गौरीला लुगडं तीच नेसवत आली. घागरीवर मुखवटा बांधायचा, निऱ्या घालायच्या, पदर काढायचा, यात तिनं कधी कुणाला हात लावू दिला नाही. वहिनीलासुद्धा नाही, आणि ते वहिनीला आवडत नाही हे तिला माहीत होतं. यंदा डॉक्टर म्हणाले, गाडीत एवढा वेळ बसायचं नाही. आई त्यांना बरं म्हणाली आणि घरी येऊन कॅलेंडर बघत पडली. यंदा हुकली तर पुढची आपल्याला गाठते की नाही, असं तिच्या मनात चाललेलं होतं. ते मला दिसत होतं. मला त्याचा फार त्रास व्हायचा.

म्हणून मी ठरवलं की गौर आपणच करायची. ज्याच्याकडं खोकं आहे त्याला असलं सुचतं.

वहिनीला फोन करून मुखवट्याचे फोटो मागवले. ती ब्लाउज शिवते, तिच्याकडं टेप असते, तिच्याकडून मापंही घेतली. कपाळ ते हनुवटी, कान ते कान, नाकाची उंची. एक काम आहे, एवढंच सांगितलं. मग रोज संध्याकाळी लाकूड तासायला बसलो. चेहरा चांगला उतरला, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. नाकपुडीपाशी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात हवा जायला बारीक भोकं पाडली. शीट तापवली, ओढली, एका झटक्यात चेहरा बाहेर आला. सोनेरी रंगाचा फवारा मारला, वाळू दिला आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवला.

आईनं चष्मा लावला नाही. कपाळावर अंगठा ठेवला, हनुवटीकडं करंगळी ताणली. तिची वीत पुरेना. पुन्हा एकदा मापून बघितलं.

"ही आपली न्हाय," ती म्हणाली. "ही जरा सुटलीया."

मी म्हटलं, वहिनीनं दिलेल्या मापानं केलीय. आईनं तो चेहरा इकडून तिकडून बघितला आणि चुकून आपल्या दारात आलेल्या पाहुणीबद्दल विचारावं तसं, कुणाची ही, असं विचारलं. बायको आत निघून गेली. भांड्यांचा आवाज काही आला नाही, म्हणजे ती हसत असणार.

चूक कुठं झाली ते मला उभ्या उभ्या कळलं. ओतलेला धातू गार होताना आकसतो. म्हणून आमच्या शॉपमधली मोजपट्टीच मुळात थोडी ताणलेली असते, तिच्यावरचा इंच हा खऱ्या इंचापेक्षा अंमळ मोठा असतो. त्या पट्टीनं लाकूड मोठं करायचं, म्हणजे गार झालेला धातू बरोबर मापात बसतो. वर्षानुवर्षं हातात तीच पट्टी, घरीही तीच. मी देवीला पितळेत ओतायच्या हिशेबानं वाढवून ठेवलं होतं आणि काढली प्लास्टिकमध्ये. वर शीटची जाडी होतीच. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, गार होऊ द्या की मग, आकसंल. ती गौर मी माळ्यावर ठेवली.

आता एकच उपाय होता. अस्सल मुखवट्यावरच शीट ओढायची, म्हणजे मापाची भानगडच नाही. रविवारी क्लीनर, खोकं, चौकटी आणि शीटची गुंडाळी घेऊन मी निपाणीच्या बसला चढलो. कंडक्टरनं हे काय म्हणून कानडीत विचारलं. मी कानडीत सांगितलं. निपाणीत कुणाचं घर झाडायला चाललास, हे त्यानं मराठीत विचारलं, म्हणजे सगळ्या बसला कळावं.

घरी पोचलो तेव्हा वहिनीला क्लीनर बघून फार आनंद झाला. तो तिच्यासाठी आणलाय असं तिला वाटलं. मी घाईघाईनं सांगून टाकलं की गौरीचा दुसरा मुखवटा करायचाय, बेळगावात बसवायला. वहिनीच्या हातात माझ्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तो तिनं माझ्याकडं न देता खाली ठेवला आणि ती मागच्या परड्याच्या दारानं रानाकडं गेली.

थोड्या वेळानं अण्णा आला. पाय धुतले, टॉवेलनं पुसले, माझ्यासमोर बसला. क्लीनरकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"वायलं व्हायचं ठरीवलंस व्हय?"

मला आधी राग आला, मग घाम फुटला. कारण तो म्हणत होता ते मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि साफ विसरायला झालं होतं. आमच्याकडं एका घराची एकच गौर. भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या, की मगच दुसरी गौर उभी राहते. त्याआधी धाकटा परगावी राहो, परदेशी राहो, गौरीला त्यानं थोरल्याच्या घरी यायचं. गावात कुणाच्या घरी दुसरी गौर बसली, की लोक वाटणीची चौकशी करत नाहीत. त्यांना उत्तर मिळालेलं असतं. मी बसमधून वाटणीची बातमी घेऊन आलो होतो, क्लीनरसकट.

"रान माग की," अण्णा म्हणाला. "घर माग. एकदम गौरीवर कशाला आलास?"

तो भांडायच्या आवाजात बोलत नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. मी म्हटलं, मला काही नको, आईसाठी करतोय. मग आईचं रोजचं विचारणं सांगितलं, कॅलेंडर सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. अण्णाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्याशी फोनवर बोलताना आई म्हणायची, माझं काय न्हाय, तुम्ही सण नीट करा. तो ऐकत राहिला. टॉवेलनं पुन्हा एकदा कोरडेच पाय पुसले आणि म्हणाला, कर मग.

वहिनीनं ट्रंकेतून मुखवटा काढला. जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. मी त्याला टाल्कम पावडर लावली, शीट चिकटू नये म्हणून. वहिनीला वाटलं मी गौरीला नटवतोय. गॅसवर शीट धरली, घरभर प्लास्टिकचा वास सुटला. अण्णाला बटणापाशी बसवलं होतं. मी हो म्हणताच त्यानं रानातल्या मोटरचा स्टार्टर दाबावा तसं ते अंगठ्यानं दाबलं आणि दाबूनच धरलं. शीट फटकन खाली बसली. कपाळ, भुवया, ओठ, सगळं उठून आलं. इतकी चांगली ओढ मला आयुष्यात साधली नव्हती. अण्णासुद्धा पुढं वाकून बघायला लागला.

मग मी शीट उचलायला गेलो आणि ती निघेना.

गौरीच्या कानांमागं मी बघितलंच नव्हतं. शीट तिथं आत वळली होती, कानांना धरून बसली होती. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून नमुन्याला कुठं अडकण ठेवायची नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. लाकडावर मी ते पाळलं होतं. गौरीच्या बाबतीत देवावर सोडलं. ओढून बघितलं, गार पाणी ओतून बघितलं, कडेनं चमचा घालून बघितला. सण तोंडावर आलेला आणि घराण्याची गौर थंडीत डोक्यावरून पांघरूण घेतल्यासारखी पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बंद. वहिनीनं हात जोडले. मुखवट्याला की प्लास्टिकला, ते काही कळलं नाही.

मी करवतीचं पातं मागितलं. वहिनी म्हणाली, या घरात गौरीला पातं लागायचं नाही. अण्णानं तो मुखवटा शीटसकट उचलला, कानाशी नेऊन हलवून बघितला. आत काहीच हललं नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "काढू नगो. असाच घिऊन जा. वाटंत लागणार न्हाय तिला."

मला कळेना. वहिनीलाही. अण्णा म्हणाला, "गौर माहेराला येती. माहेर म्हंजे आई. आई तिकडं हाय, तर ही हितं कुणाकडं येणार?"

वहिनीनं विचारलं, आणि आपण? अण्णा म्हणाला, आपण तिकडं जायचं, पाहुणे म्हणून. वहिनी उठली. मग मघाचा पाण्याचा तांब्या उचलून तिनं माझ्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये गौर माझ्या मांडीवर होती. या वेळचा कंडक्टर वेगळा होता. त्यानं काही विचारायच्या आधीच त्याला शीटखालचं नाक दिसलं. त्यानं नमस्कार केला आणि क्लीनरलाही शेजारी बसू दिलं.

पातं शेवटी मच्छ्यात लागलं. मागच्या बाजूनं, कानांच्याही मागून, मी शीट हळूहळू कापत गेलो आणि आई कॉटवर उठून बसून माझ्या हाताकडं बघत राहिली. चेहरा मोकळा झाला तसा तिनं ओढूनच घेतला. गौरीच्या हनुवटीला एक पोचा आहे. तो कसा पडला ते आईला माहीत आहे आणि ती सांगत नाही. तिचा अंगठा नेमका तिथं गेला.

"व्हय," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

अण्णा-वहिनी सणाला पाहुणे म्हणूनच आले, पिशवीत तांदूळ आणि तेरड्याची रोपं घेऊन. आमच्या गल्लीत विहीर नाही, म्हणून गौर बोअरच्या नळावरून वाजतगाजत आणली. आईला खुर्चीवर बसवलं. वहिनीनं घागर धरली, बायकोनं लुगड्याचं टोक धरलं आणि आईनं निऱ्या घातल्या. तीन वेळा मोडल्या, दोघींना बोलली, पुन्हा घातल्या. पदर काढून झाल्यावर तिच्या तोंडावर असा काही आनंद होता की मला भरून आलं. अण्णालाही आलं असावं, कारण तो उगाचच क्लीनरची नळी तपासत बसला होता. पुरणपोळीचा नैवेद्य झाल्यावर आईनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, ती जाडी कुठं गेली? आणि एक पोळी माळ्यावर ठेवायला लावली.

मुखवट्यावरून उतरलेली शीट मी कपाटावर ठेवली होती, पोकळ बाजू पुढं करून. आईच्या ते लक्षात आलं. म्हणाली, ही माझ्याकडंच बघतीया. कुशीवर वळलं तरी बघतीया. मी तिला सांगितलं की पोकळ चेहऱ्याचं असंच असतं, खोलगट भाग डोळ्याला उंच वाटतो, म्हणून आपण हललो की तोच वळल्यासारखा दिसतो. पितळेला शीटची आतली बाजू टेकलेली, त्यामुळं बारीकसारीक सगळं आतच उमटलंय, हनुवटीचा पोचासुद्धा. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"असंल," ती म्हणाली.

गौरी जायच्या दिवशी तेरड्याचं विसर्जन केलं आणि मुखवटा गावी न्यायची वेळ आली. वहिनी धोतर शोधायला लागली. अण्णानं कपाटावरची शीट काढली आणि मुखवटा तिच्यात बसवला. खटकन बसला. कानाशी नेऊन हलवला, आवाज नाही. डबा झ्याक झालाय, असं तो म्हणाला. त्या दिवसापासून त्या शीटचं नाव डबा.

आई रिकाम्या कपाटाकडं बघत होती.

मी अण्णाला म्हटलं, थोडं थांब. पोळ्यांची कणीक उरलेली होती. शीट अडकू नये म्हणून ती गौरीच्या कानांमागं नीट भरून घेतली, पावडर मारली आणि नवीन शीट तापवली. बटणाला अण्णाच. या वेळी शीट विनातक्रार सुटली. मी ती हातात धरून उभा राहिलो आणि तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं की ज्यासाठी गावात एवढं रामायण झालं, ती दुसरी गौर आता या घरात तयार होती. बायकोनं माझ्याकडं बघितलं. वहिनीनं अण्णाकडं बघितलं. आईनं कुणाकडंच बघितलं नाही.

अण्णानं कानांमागची कणीक बोटानं काढली, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. मग म्हणाला, "त्यो जादाचा डबा. हितंच ऱ्हाऊ दे. एक फुटला तर असावा."

आमच्या घराची गौर एकच आहे आणि डबे दोन. जादाचा डबा आईच्या कॉटसमोर असतो. वहिनी दर दोन दिवसांनी फोन करते. आईचं विचारून झालं की, डबा बरा हाय न्हवं, असंही विचारते. बरा आहे म्हणून मी सांगतो. डब्याला रोज हळदकुंकू लागतं. ते कोण लावतं हा विषय आमच्यात कुणी काढत नाही.

परवा गल्लीतली एक बाई आईला बघायला आली. निपाणीकडचीच आहे, तिला आमच्याकडच्या रीती माहीत. तिची नजर समोर गेली, कपाळावरच्या कुंकवावर थांबली आणि तिनं आवाज खाली आणून विचारलं, ल्योक वायलं झालं व्हय?

"न्हाय गं," आई म्हणाली. "डबा हाय त्यो."

बाई गेल्यावर आईनं मला डबा जवळ आणायला सांगितला. कुंकू जरा फिसकटलं होतं. तिनं पदराच्या टोकानं ते पुसलं, नवीन लावलं आणि डबा पुन्हा तिथंच, होता तसाच ठेवायला लावला.